सव्हॅना: भात, कोळंबी आणि ओकची सावली

गुरुवार

अटलांटाहून सव्हॅना गाडीने चार तासांवर आहे. मेकनपर्यंत ट्रकांची गर्दी, आणि पुढे आय-१६ हा महामार्ग लागला की दुतर्फा नुसती पाइनची झाडं. या रस्त्यावर थांबून बघावं असं काही नाही. सकाळी लवकर निघावं आणि थेट गाव गाठावं.

आई दिवाळी करून अलिबागहून आमच्याकडे आली होती. उंच इमारती आणि मॉल दाखवून तिला परत पाठवायचं माझ्या मनात नव्हतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरचं हे जुनं गाव म्हणजे भाताचा, कोळंबीचा, भरती-ओहोटीचा मुलूख. इथे तिला परकं वाटणार नाही, याची मला खात्री होती.

राहायला नदीकाठी जागा न घेता फोरसिथ पार्कजवळ घेतली. सव्हॅनाला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. नदीवरच्या रिव्हर स्ट्रीटवर टीशर्टांची आणि मिठाईची दुकानं आहेत, तिथे तासभर फिरणं पुरे. गावातली माणसं जेवतात, कॉफी पितात, कुत्री फिरवतात ती पार्काच्या आसपास आणि त्याच्याही दक्षिणेला.

संध्याकाळी चालायला निघालो. जेम्स ओगलथॉर्पने १७३३ साली हे गाव वसवलं ते आधी कागदावर आखून. मधोमध एक चौक, त्याच्या पूर्व-पश्चिमेला सार्वजनिक इमारतींसाठी जागा, उत्तर-दक्षिणेला घरांच्या ओळी. गाव वाढेल तसा हाच नमुना पुन्हा गिरवायचा. असे २४ चौक झाले, त्यांतले २२ आजही आहेत. प्रत्येक चौक म्हणजे एक लहानशी बागच: बाकं, एखादा पुतळा, आणि डोक्यावर लाइव्ह ओकच्या आडव्या पसरलेल्या फांद्या. त्या फांद्यांवरून राखाडी झुबके लोंबत असतात. त्याला सगळे स्पॅनिश मॉस म्हणतात, पण हे शेवाळ नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. ती झाडाचा आधार घेते, पण पाणी आणि अन्न हवेतून आणि पावसातून मिळवते. आईने एक गळून पडलेला झुबका उचलून बराच वेळ निरखला.

हे चौक आपोआप टिकलेले नाहीत. एलिस स्क्वेअरमध्ये जुनी मंडई होती. १९५४ साली ती पाडून तिथे गाड्या ठेवायची इमारत बांधली. त्यानंतर डेव्हनपोर्ट हाउस हे जुनं घरही पाडायची वेळ आली, तेव्हा गावातल्या सात बायका एकत्र आल्या आणि १९५५ साली त्यांनी ते वाचवलं. त्यातून हिस्टॉरिक सव्हॅना फाउंडेशन उभं राहिलं आणि पुढे शेकडो घरं वाचली. एलिस स्क्वेअरवरची ती इमारतही अखेर पाडली गेली आणि २०१० साली तिथे पुन्हा चौक झाला. आज मुलं तिथल्या कारंज्यात भिजतात.

रात्रीचं जेवण जोन्स स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला, क्रिस्टल बिअर पार्लरमध्ये. हे १९३३ पासूनचं, म्हणजे दारूबंदी उठली त्या वर्षीचं. लाकडी बाकडी, भिंतीवर जुने फोटो, आणि शेजारच्या टेबलांवर निवांत जेवणारी गावातली कुटुंबं. इथे खेकड्याचं दाट, दुधाळ स्ट्यू मागवावं. आईला त्यात तिखट कमी वाटलं, पण वाटी तिने पुसून खाल्ली. बिअर संपली नाही तरी घाई नको: सव्हॅनाच्या जुन्या भागात १६ औंसांपर्यंतच्या प्लास्टिकच्या पेल्यात पेय घेऊन रस्त्याने फिरायला परवानगी आहे. वेटरने न विचारताच माझ्यासमोर रिकामा पेला आणून ठेवला.

शुक्रवार

सव्हॅनातलं एकच जेवण करता येणार असेल तर ते मिसेस विल्क्स डायनिंग रूममध्ये करावं. जोन्स स्ट्रीटवरच्या या घरात पूर्वी भाडेकरूंसाठी खाणावळ होती. सीमा विल्क्स यांनी ती १९४३ साली हाती घेतली आणि २००२ मध्ये त्या गेल्यावरही घरच्यांनी ती तशीच चालू ठेवली आहे. कामाच्या दिवशी, फक्त दुपारी. आधी जागा राखून ठेवता येत नाही. आम्ही दार उघडायच्या बरंच आधी जाऊन उभे राहिलो, तरी रांग पुढच्या दोन घरांपर्यंत गेलेली होती. विटांचा रस्ता, वर ओकची सावली, आणि रांगेतली माणसं एकमेकांशी बोलत असतात, त्यामुळे वाट पाहणं जड जात नाही.

आत दहा-दहा जणांची टेबलं. अनोळखी माणसं शेजारी बसतात आणि मांडलेल्या वाडग्यांतून एकमेकांना वाढतात. तळलेलं चिकन, कॉलर्डचा पाला, मक्याचा ब्रेड, गोड रताळी, बटर बीन्स, टोमॅटोत शिजवलेली भेंडी, चवळी, आणि टोमॅटोत लाल झालेला भात. सोबत बर्फ घातलेला गोड चहा. वाडगे फिरत राहतात, संपले की भरून येतात. जेवण झालं की आपलं ताट आपण स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचं.

आई ताटाकडे बघून म्हणाली, "अगं, चवळी, भेंडी, भात. हे तर आपलंच जेवण आहे."

तिच्या शेजारी गावातल्याच एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई बसल्या होत्या. मी आईचं बोलणं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, चवळी आणि भेंडी आमच्या लोकांनी आफ्रिकेतून आणली, आणि हा लाल भात पश्चिम आफ्रिकेतल्या जोलोफ भाताचाच भाऊ आहे. मग त्यांनी आईच्या ताटात आणखी भात वाढला आणि चिकन कुठल्या तुकड्यापासून खायला सुरुवात करावी तेही सांगितलं.

पुढचे दिवस मी जे काही दाखवत गेले, त्याचा धागा त्या टेबलावरच हाती आला. सव्हॅनाची घरं सुंदर आहेत, झाडं सुंदर आहेत, पण या गावाच्या जेवणाला चव दिली ती गुलामीत आणलेल्या माणसांनी. ते माहीत करून न घेता इथे जेवणं मला अपुरं वाटतं. वसाहत स्थापन झाली तेव्हा जॉर्जियात गुलामगिरीला बंदी होती. १७५१ साली ती उठली आणि पाहता पाहता भाताची शेती किनाऱ्यावर पसरली.

म्हणून दुपारी ओवेन्स-थॉमस हाउसला गेलो. १८१९ साली बांधून झालेली ही हवेली वास्तुरचनेसाठी प्रसिद्ध आहे, पण मला तिच्या मागच्या अंगणातली गुलामांच्या राहण्याची इमारत जास्त महत्त्वाची वाटते. तिथल्या छतावर जुना निळा रंग अजून शिल्लक आहे. नीळ, चुना आणि ताक एकत्र करून केलेला. या निळ्या रंगामुळे भुतंखेतं घरात शिरत नाहीत, अशी इथल्या गुल्ला गिची लोकांची, म्हणजे या किनाऱ्यावरच्या गुलामांच्या वंशजांची, समजूत. आईने लगेच सांगितलं की तिच्या घरीही चुन्यात नीळ घालूनच भिंती रंगवायचे. भुतांचा संबंध नव्हता, पांढरा रंग उजळ दिसावा म्हणून. मार्गदर्शक मुलगी ते ऐकून थांबली आणि तिने आईला चुना कसा भिजवायचा, नीळ किती घालायची, असं सगळं विचारून घेतलं.

तिथून फ्रँकलिन स्क्वेअरवरचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च. हे १८५९ साली पूर्ण झालं. दिवसभर मालकाचं काम करून रात्री लोकांनी ते बांधलं, असं तिथे सांगतात. तळमजल्याच्या लाकडी जमिनीत चौकटीच्या आकारात भोकं पाडलेली आहेत. पळून आलेली माणसं या जमिनीखाली लपत आणि ही भोकं त्यांना हवा मिळावी म्हणून होती, अशी या चर्चची परंपरा आहे. हे ऐकताना आमच्या गटातलं कोणीच बोलत नव्हतं. सव्हॅनात एकच वास्तू आतून बघायची असेल तर हीच बघा.

रात्री लेपोल्ड्सचं आइस्क्रीम. ग्रीसहून आलेल्या तीन भावांनी १९१९ साली सुरू केलेलं हे दुकान आता ब्रॉटन स्ट्रीटवर आहे. इथेही रांग असते, पण ती भरभर सरकते. त्यांचं जुनं टुटी फ्रुटी घ्यावं: रमच्या चवीचं आइस्क्रीम, त्यात साखरेत मुरवलेली फळं आणि जॉर्जियाचे भाजलेले पिकान, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा.

शनिवार

सकाळी फोरसिथ पार्काच्या दक्षिण टोकाला शेतकऱ्यांचा बाजार भरतो. पार्काच्या उत्तरेकडचं १८५८ सालचं पांढरं कारंजं बघायला सगळे येतात, बाजारात मात्र पिशव्या घेऊन गावचीच माणसं असतात. नोव्हेंबर असल्यामुळे रताळी, कॉलर्डच्या जुड्या, पिकान आणि सोलायला सोपी लहान संत्री होती. आईने प्रत्येक टेबलापाशी थांबून भाव विचारले. बाजारापासून जवळच सेंशियंट बीन नावाचं कॉफीचं दुकान आहे. शाकाहारी मंडळींनी हे नाव लक्षात ठेवावं, कारण दक्षिणेत भाजीतसुद्धा डुकराच्या मांसाचा तुकडा असतो आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

बुल स्ट्रीटने आणखी दक्षिणेला गेलं की स्टारलँड लागतं. जुन्या डेअरीच्या नावावरून या भागाला हे नाव पडलं. इथे आर्ट कॉलेजची मुलं, जुन्या रेकॉर्डांचं दुकान, जुन्या घरांत थाटलेली कॅफे. फॉक्सी लॉक्सीच्या मागच्या अंगणात बसून मी कॉफी घेतली आणि आईने संत्री सोलली. तासभर आम्ही तिथून हललो नाही.

मग गाडी काढून पिन पॉइंटला गेलो. हे गाव गुलामगिरी संपल्यावर बाहेरच्या बेटांवरून आलेल्या लोकांनी वसवलं. खाडीच्या काठावर ए. एस. वार्न अँड सन यांचा कालवं आणि खेकडे साफ करायचा कारखाना होता. तो १९२६ ते १९८५ चालला, आणि गावातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटत होती. आता तिथे संग्रहालय आहे. या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घरांतली माणसं तुम्हाला तो दाखवतात. बायका कशा उभ्या राहून खेकड्याचं मांस काढायच्या, कालवाचं शिंपलं कुठल्या सुरीने उघडायच्या, कामाचे पैसे वजनावर कसे मिळायचे, आणि काम करताना गाणी कशी चालायची. आईच्या लहानपणी कोळीवाड्यात सोडे करायला बायका गोल करून बसत, ते तिला आठवलं आणि तिने तेही त्यांना सांगितलं. सुकवलेली कोळंबी आम्हीही ठेवत होतो, असं तिथल्या काकांनी सांगितल्यावर दोघांचं बोलणं इतकं रंगलं की मला दुभाषी म्हणूनही फारसं काम उरलं नाही.

बाहेर दूरवर पसरलेली खारी गवताळ दलदल. इथे भरती-ओहोटीत सात-आठ फुटांचा फरक पडतो. आम्ही पोचलो तेव्हा पाणी होतं, निघालो तेव्हा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर पांढरे बगळे उतरले होते. संध्याकाळी चिलटं चावतात, बारीक आणि डोळ्यांना न दिसणारी. वसंत ऋतूत आणि पाऊस-थंडीच्या मधल्या दिवसांत ती जास्त असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे न्या.

वाटेत वर्म्सलो आहे: दीड मैल लांब मातीचा रस्ता आणि दोन्ही बाजूंनी कमान धरलेले चारशेच्या वर ओक. फोटो सगळ्यांनी पाहिलेलाच असतो आणि जागा खरोखर तशीच आहे. पण रस्त्याच्या शेवटी असलेले टॅबीच्या भिंतींचे अवशेष जरूर बघा. कालवांची शिंपलं भाजून केलेला चुना, वाळू, पाणी आणि शिंपल्यांचे तुकडे एकत्र करून या भिंती ओतत असत. पावणेतीनशे वर्षांनंतरही शिंपलं बोटांना लागतात.

रात्री द ग्रे. १९३८ साली बांधलेल्या ग्रेहाउंड बसस्थानकाचं २०१४ मध्ये रेस्टॉरंट झालं. त्या स्थानकात कृष्णवर्णीयांना वेगळं बसावं लागे. आज तिथलं स्वयंपाकघर मशामा बेली या कृष्णवर्णीय शेफच्या हाती आहे आणि २०२२ साली जेम्स बेअर्ड पुरस्कारांत त्या देशातल्या सर्वोत्तम शेफ ठरल्या. जागा खूप आधी राखून ठेवावी लागते आणि खिशालाही ते जड जातं. तरी मी पुन्हा जाईन. साध्या, किनाऱ्यावरच्या पदार्थांना इतक्या आदराने वाढलेलं मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही.

रविवार

सकाळी बॉनाव्हेंचर. विल्मिंग्टन नदीच्या काठावरची ही दफनभूमी म्हणजे गावातल्या लोकांची फिरायची जागाच आहे. सहा वर्षांच्या ग्रेसी वॉटसनचा १८८९ साली मृत्यू झाला, तिच्या संगमरवरी पुतळ्याच्या कुंपणाशी लोक अजून खेळणी ठेवतात.

मग टायबी बेट, गावापासून अठरा मैल. वाटेत फोर्ट पुलास्की हा विटांचा किल्ला आहे. तो अभेद्य समजला जाई, पण १८६२ साली नव्या तोफांच्या माऱ्यापुढे तो तीस तासांत पडला. भिंतीवर त्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. टायबीच्या दीपगृहाला १७८ पायऱ्या आहेत. मी चढले, आई खाली बाकावर बसली.

टायबीला जेवायचं ते लो कंट्री बॉइल. मोठ्या पातेल्यात कोळंबी, मक्याची कणसं, बटाटे आणि सॉसेज मसाल्याच्या पाण्यात एकत्र उकडतात आणि निथळून टेबलावर ओततात. काटे-चमचे नाहीत. शरदात जॉर्जियाची पांढरी कोळंबी मोठी आणि गोड असते, म्हणून मी हीच वेळ निवडली होती. एकच विचारून घ्या: कोळंबी इथलीच आहे का? बाहेरून आलेली गोठवलेली कोळंबीही अमेरिकेत सर्रास खपते, आणि इथल्या बोटवाल्यांचं पोट त्या उत्तरावर आहे.

परतताना बर्डच्या दुकानातून तिळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा डबा घेतला. तीळही इथे आफ्रिकेतूनच आले. गुळाच्या पातळ वडीसारखी ती लागतात.

सोमवार

अटलांटाला परतायचं म्हणजे पश्चिमेला जायचं, पण आम्ही आधी गावाच्या पश्चिम भागात थांबलो आणि मग दक्षिणेला वळलो.

पश्चिम सव्हॅनात एक लहानशी हिरवी जागा आणि एक फलक आहे. इथे जवळच टेन ब्रॉक घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. पिअर्स बटलर या जमीनदाराने कर्ज फेडण्यासाठी २ आणि ३ मार्च १८५९ रोजी आपल्या मळ्यांवरच्या गुलामांचा तिथे लिलाव केला. यादीत ४३६ माणसं होती, तान्ह्या मुलांसकट. दोन्ही दिवस पाऊस पडत होता. लोक या लिलावाला ‘रडण्याची वेळ’ म्हणतात. ज्या वर्षी ते चर्च पूर्ण झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. फलक २००८ साली लागला. जुन्या भागातल्या बग्ग्या आणि ट्रॉल्या इथवर येत नाहीत, स्वतःहून यावं लागतं.

ती माणसं जिथून आणली होती, त्यांतलं बटलर बेट तिथून तासाभराच्या अंतरावर, डॅरियन गावाला लागून आहे. हमरस्त्याच्या कडेला भातगिरणीचं विटांचं उंच धुराडं अजून उभं आहे. त्याच्या मागे कालवे आणि बांध. राज्य सरकार आता ते बांध बदकांसाठी राखतं.

आई खारेपाटातल्या घरात वाढली आहे. खाडीकाठची खार जमीन, तिच्याभोवतीचे बांध, आणि बांधातल्या उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं, तिला नवीन नाहीत. बांधावर उभी राहून तिने विचारलं, "पण भाताला खारं पाणी कसं चाललं?"

चालत नसे. डॅरियनपाशी आल्टमाहा नदीचं गोडं पाणी येतं, आणि समुद्राची भरती त्या गोड्या पाण्याला मागे ढकलून वर उचलते. बांधाखालून लाकडी पेटीसारखा पन्हाळ काढलेला असे, त्याच्या दोन्ही तोंडांना दारं. भरतीला बाहेरचं दार उचललं की गोडं पाणी शेतात शिरे आणि ओहोटी लागताच आतलं दार पाण्याच्याच दाबाने मिटे. पाणी काढायचं तर उलट.

आई म्हणाली, "म्हणजे आपली उघाडी समुद्राला बाहेर ठेवते. यांनी भरतीला कामाला लावलं." मग ती स्वतःशीच बांधाची उंची मोजायला लागली. एवढा बांध हाताने घालायचा तर चिखल किती लागेल, तो कोरडा होईपर्यंत किती वेळा खचेल, माणसं कंबरभर पाण्यात किती दिवस उभी राहिली असतील, हे तिला विचारावं लागत नव्हतं. ती मला सांगत होती. पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरून आणलेल्या माणसांना इथले मळेवाले मुद्दाम पसंती देत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या ज्ञानाला किती कष्ट आणि किती बारीक नजर लागते, ते मला आईकडून त्या बांधावर कळलं.

दुपारी डॅरियनच्या धक्क्यावर आलो. कोळंबीच्या बोटी लागलेल्या होत्या, जाळी वर बांधलेली. तिथेच तळलेली कोळंबी आणि भात खाल्ला, आणि घरी न्यायला दोन पौंड कोळंबी बर्फात बांधून घेतली. आईने पैसे देण्याआधी एक सोलून, वास घेऊन बघितली आणि विकणाऱ्या माणसाला मान हलवून पसंती कळवली. त्याने वर मूठभर जास्त टाकली.